रेवडीला ऐकू येत नाही

रेवडी ओरडली, आणि लॅबमध्ये बसलेली दहा-अकरा माणसं एकदम दचकली.

साधं म्याँव नव्हतं ते. गंजलेली बिजागरी कोणीतरी जोर लावून उपटावी तसा लांबलचक, खरखरीत आवाज. चारुशीला टेबलाखाली वाकली. जाळीच्या पेटीवर बोटं टेकवून दबक्या आवाजात म्हणाली, "चूप ना गं रेवडी. सर ऐकतील."

पांढऱ्याशुभ्र रेवडीने तिच्याकडे पाहिलं — एक डोळा निळा, एक पिवळा — आणि पुन्हा तसाच सूर लावला.

धंतोलीतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी आठ ते दहा मान वर करायला फुरसत नसायची. भंडाऱ्याहून, वर्ध्याहून, पहाटेच्या बसने उपाशीपोटी आलेली माणसं रक्त द्यायला बसलेली असायची. चारुशीला त्यांची नावं लिहून घ्यायची, काचेच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची, संध्याकाळी रिपोर्ट हातात द्यायची. आज दुपारी रेवडीला जनावरांच्या डॉक्टरकडे दाखवायचं होतं, म्हणून सरांनी एका अटीवर पेटी आणू दिली होती. आवाज येता कामा नये.

खिडकीजवळ बसलेले एक साठीचे गृहस्थ मात्र अजिबात दचकले नव्हते. ते शांतपणे बाहेरच्या झाडाकडे बघत होते. त्यांच्या शेजारचा तरुण मात्र कधी पेटीकडे, कधी वडिलांकडे बघत होता. मग तो उठला आणि टेबलापाशी आला.

"मॅडम, एक विचारू?"

"जेवणानंतरचं रक्त दोन तासांनी. रिपोर्ट पाचनंतर," चारुशीला मान वर न करता म्हणाली.

"ते माहीत आहे. मी मांजरीचं विचारून राहिलो. हिले ऐकू येत नाही ना?"

चारुशीलाने आता मान वर केली. सावळा चेहरा, मागे सारलेले केस, शर्टाच्या बाहीला चिकटलेला सुताचा एक पांढरा धागा.

"ऐकू येत नाही असं नाही. ऐकत नाही ती. दोन्हींत फरक आहे."

"खूप फरक आहे," तो म्हणाला. "आमच्या आईले तो समजायला तीन वर्षं लागली."

त्याने वडिलांकडे मान वळवली. "कामठीले आमचे चार यंत्रमाग आहेत. बाबा पस्तीस वर्षं त्या आवाजात उभे राहिले. आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. ज्याला आपलाच आवाज ऐकू येत नाही, तो असाच जोरानं बोलतो."

तेवढ्यात खिडकीजवळून भला मोठा आवाज आला, "काय म्हणून राहिल्या रे त्या मॅडम?"

पुन्हा सगळी लॅब वळली. तो तरुण परत गेला — मागून नाही, वळसा घालून समोरून. आधी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांची नजर वर येऊ दिली, मग सावकाश ओठ हलवत, बोटांनी दोन तास दाखवत काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली. चारुशीला बघत राहिली. इतक्या वेळात त्या मुलाने आवाज जरासुद्धा चढवला नव्हता.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. "हरकत नसेल तर…"

त्याने पेटीच्या मागच्या बाजूला, रेवडीला दिसणार नाही असा हात नेला आणि किल्ल्या वाजवल्या. एकदा. दोनदा. जोरात. रेवडी पंजा चाटत राहिली. तिचा कान तसूभरही वळला नाही.

झोपेतसुद्धा मांजराचे कान वळतात, हे चारुशीलाला ठाऊक होतं. चार वर्षांत तिच्या घरातून तेवीस मांजरं गेली होती. आणि या चोविसाव्या मांजरीचे कान वळत नाहीत, हे तिला एका परक्या माणसाने किल्ल्या वाजवून दाखवावं लागलं.

"पंधरा दिवस मी हिला रागावून राहिली," ती पुटपुटली.

"मग चांगलंच आहे की," तो म्हणाला. "तिनं त्यातलं काहीच ऐकलं नाही."

चारुशीलाला हसायचं नव्हतं. पण हसू आलंच.

*

डॉक्टरांनी दुपारी तेच सांगितलं. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत हे पुष्कळदा जन्मापासून असतं. बाकी तब्येत उत्तम.

चारुशीला पेटी मांडीवर घेऊन डॉक्टरांच्या बाकावर बराच वेळ बसून राहिली. रस्त्यावरची, टाकून दिलेली मांजरं घरी आणायची, बरी करायची, माणसांची सवय लावायची, आणि चांगलं घर मिळालं की देऊन टाकायची, हे काम करणारा शहरात आठ-दहा जणींचा एक ग्रुप होता. चारुशीला त्यातली. रेवडी दोन घरांतून परत आली होती. पहिल्यांनी सांगितलं, बोलावलं तर येत नाही, माजोरी आहे. दुसऱ्यांनी सांगितलं, उगाच किंचाळते, आणि मागून हात लावला की ओरबाडते. बिचारीला कोणी येताना कळतच नव्हतं.

संध्याकाळी सहाला लॅबचा फोन वाजला.

"गिरिधर रंगारी यांच्या रिपोर्टसाठी फोन केला होता. मी प्रशिक, त्यांचा मुलगा… सकाळी किल्ल्यावाला."

"रिपोर्ट तयार आहे. जेवणानंतरची साखर दोनशे दहा."

"बरं. आणि मांजरीचं काय निघालं?"

"वडिलांची साखर दोनशे दहा आहे, आणि तुम्ही मांजरीचं विचारता?"

"साखर मी घरीही मोजतो, मॅडम. मांजरीचा रिपोर्ट तेवढा तुमच्याजवळ आहे."

तिने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिले मागून शिवू नका. आधी ती बसली असेल तिथली जमीन हलकेच थोपटा. तिले पायातून समजते."

त्या रात्रीपासून चारुशीला जमीन थोपटू लागली. मग दिवा चालू-बंद करून जेवायला बोलावणं सुरू झालं, मग उघडा तळहात म्हणजे 'ये', मिटलेली मूठ म्हणजे 'थांब'. एकेक युक्ती कामठीहून यायची, आधी फोनवर, मग मेसेजवर. प्रशिकने पॉलिटेक्निक केलं होतं, पण बाबांचे कान गेल्यावर घरचे माग त्यानेच हातात घेतले होते. माग बंद झाले की दुपारी अर्धा तास त्याला उसंत असायची. चारुशीला त्याच वेळी डबा उघडायची. हे कोणी ठरवलं नव्हतं…

आठवड्याभरात रेवडीचं किंचाळणं अर्ध्यावर आलं. तिसऱ्या आठवड्यात ती चारुशीलाच्या पोटावर येऊन झोपली, आणि चारुशीला तासभर कूस न बदलता पडून राहिली.

"तिनं आज माझा तळहात पाहिला आणि पळत आली," तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"तुम्ही बोलावल्यावर कोण नाही येणार," तो म्हणाला. मग घाईघाईने, "म्हणजे… हाताची खूण बरोबर जमली असेल तर."

चारुशीलाने डब्याचं झाकण उगाच दोनदा लावलं आणि उघडलं.

प्रतापनगरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती आणि तिची आई, दोघीच. वडील बँकेत होते. त्यांच्या बदल्यांमुळे चारुशीलाची शाळा सात गावांत झाली होती. ट्रक भरला की मागे वळून बघायचं नाही, ही सवय तिला तेव्हापासूनची. म्हणून तर मांजरं द्यायला ती ग्रुपमधली सगळ्यांत पक्की. बाकीच्या मुली रडायच्या. ही कागदावर सही घेऊन, पेटी धुऊन वाळत टाकायची.

रेवडीच्या बाबतीत तिला वाटायचं, घर मिळायला वेळ लागला तरी चालेल.

*

डिसेंबरच्या सुरुवातीला प्रशिकने विचारलं, "रेवडी आम्हाले देता का?"

"तुम्हाला?"

"डॉक्टरनं साखरेपायी बाबांची रेवडी, गजक सगळं बंद केलं. म्हटलं, एक तरी ठेवावी घरात."

ती हसली, पण मग नेहमीचं बोलली. घर पाहावं लागेल. नियमच आहे. माग असलेलं घर म्हणजे धोका. बहिऱ्या मांजरीला यंत्र सुरू झालेलंही कळणार नाही.

"पाहा ना मग. या रविवारी या."

रविवारी ती बसने गेली. बसस्टँडवर तो स्कूटर घेऊन उभा होता. गल्लीत शिरल्यापासूनच खटखट ऐकू यायला लागली, आणि घराच्या मागच्या शेडमध्ये पाऊल टाकलं तशी ती खटखट तिच्या छातीत शिरली. चार मागांपैकी दोन चालू होते. बोललेलं काही कळत नव्हतं. प्रशिक तिच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला. शब्द उडून गेले. श्वास तेवढा जाणवला.

बाबा एका मागापाशी उभे होते. त्यांच्या डोक्यावर एक लाल बल्ब टांगलेला होता. अचानक तो दोनदा लुकलुकला. बाबांनी माग थांबवला आणि हात पुसत घराकडे निघाले.

"जेवायची वेळ झाली की आई स्वयंपाकघरातून बटण दाबते," शेडबाहेर आल्यावर प्रशिकने सांगितलं. "आधी बिचारी शेडच्या दारात उभी राहून ओरडायची. मग भांडणं व्हायची. मी म्हटलं, बल्ब लावू."

इंदूबाईंनी, त्याच्या आईने, तिला हाताला धरून पाटावर बसवलं. "बस वं माय. त्या मांजरीचं पोट्टं रोज सांगून राहिलं. आमच्याकडं दोन मांजरी टिकल्या नाही पाहा, आवाजानं पळाल्या. हे टिकन म्हणते तो."

भिंतीवर घटनाकारांचा निळ्या कोटातला फोटो होता, शेजारी ध्यानमुद्रेतल्या मूर्तीचा. जेवताना चारुशीला बघत होती. इंदूबाईंना नवऱ्याला भात विचारायचा असला की त्या टाचेने फरशीवर हलकेच ठोकायच्या. म्हाताऱ्याची मान वर यायची. प्रशिक बोलताना नेहमी असा बसायचा की त्याचं तोंड बाबांना दिसावं. घरातलं कोणी कोणाच्या मागून येत नव्हतं. या घराला रेवडीबद्दल काहीच शिकवावं लागणार नव्हतं.

बाबांनी तिला मोठ्या आवाजात विचारलं, "मांजर दूध पिते का?" ती प्रशिकसारखी सावकाश ओठ हलवत म्हणाली, "दूध नको, पोट बिघडतं." त्यांना पहिल्या झटक्यात समजलं. ते प्रशिककडे बघून म्हणाले, "या पोरीचं बोलणं साफ दिसते."

घर आणि शेड यांच्यामध्ये नुसता पडदा होता. निघताना ती त्याच्यापाशी थांबली.

"इथे दार पाहिजे. पक्कं. खाली फट नको."

"लावतो. पण पाहायला तुम्हीच याल ना?"

"येईन."

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली, आणि तिला आपला आवाज जरा वेगळाच वाटला.

बसमध्ये तिने पाहणीचा कागद काढला. शेवटचा प्रश्न होता, घर योग्य आहे का. दार लागेपर्यंत तिथे काहीच लिहायचं नव्हतं. पण तिथे 'हो' लिहिलेलं होतं. तिच्याच अक्षरात. केव्हा लिहिलं? जेवणाआधी, इंदूबाई ताटं मांडत असताना…

ती कागदाकडे बघत राहिली. कितीतरी घरं पाहिली होती तिने. गोड बोलणाऱ्यांना नाही म्हटलं होतं, ओळखीच्यांना नाही म्हटलं होतं. आज मधे दार नसताना, चार माग असताना, तिने 'हो' लिहून टाकलं होतं. उद्या रेवडी मागाच्या पट्ट्यात सापडली तर? आपण हे मांजरीसाठी करतो आहोत की पुन्हा त्या गल्लीत जाता यावं म्हणून, हे तिचं तिलाच सांगता येईना.

घरी पोचायच्या आत तिने प्रीतीताईंना फोन लावला. प्रीतीताई ग्रुपच्या मुख्य. शाळेत गणित शिकवायच्या आणि सरळ बोलायच्या.

"ताई, कामठीच्या घराचं मी ठरवू शकत नाही. पुढच्या वेळी तुम्ही जा."

"काहून? काही वाईट दिसलं का?"

"नाही. सगळं चांगलंच दिसलं. तीच अडचण आहे."

पलीकडे प्रीतीताईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"मुलगा कसा आहे?"

"मी मांजरीबद्दल बोलून राहिली, ताई."

"मीही," प्रीतीताई म्हणाल्या. "जाते मी. पण त्याला सांग आधी."

चारुशीलाने तीन वेळा मेसेज लिहिला. मी येणार नाही कारण… त्या 'कारण'च्या पुढे तिला जाता येईना. शेवटी तिने काहीच पाठवलं नाही.

*

संक्रांत झाल्यावर प्रीतीताई कामठीला जाऊन आल्या.

"पास," त्यांनी सांगितलं. "सागवानी दार आहे. खाली रबराची पट्टी. वर काच बसवली आहे, म्हणजे त्याच्या आईला वडील दिसत राहतात. दार नीट लागलं नाही तर घंटी वाजते, आणि वडिलांसाठी बल्बही लागतो. मी आजवर असं दार पाहिलं नाही. पण चारू, दारात मला पाहिलं आणि त्या मुलाचा चेहरा असा उतरला… तू सांगितलं नव्हतंस?"

त्या दुपारी चारुशीला डबा उघडून बसली. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच लावला.

"दार खूप छान झालं म्हणे."

"हो मॅडम. धन्यवाद. मांजर केव्हा न्यायला येऊ, तेवढं सांगा."

किती दिवसांत त्याने तिला मॅडम म्हटलं नव्हतं.

तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात नवी पेटी. चारुशीलाच्या आईने त्याला बसवलं, चहा केला. रेवडी त्याच्या पायमोज्यांचा वास घेत होती. त्याने फरशी थोपटली, तशी ती थेट त्याच्या गुडघ्यावर चढली.

"अगंबाई," आई म्हणाली. "ही तर माझ्याकडेही येत नाही." मग कप पुढे करत, "आडनाव काय म्हणालात तुमचं?"

"रंगारी."

आईचा हात किंचित थांबला. फार नाही, कपातला चहा हिंदकळेल इतकाच. मग तिने कप त्याच्यापुढे ठेवला. "कामठीचेच का?"

"हो. आजोबांपासून."

त्याने चहा संपवला, कागदावर सही केली, रेवडीला पेटीत घातलं. एकदाही चारुशीलाकडे सरळ पाहिलं नाही. तो जिना उतरून गेला. चारुशीला पेटीची रिकामी जागा बघत दोन मिनिटं उभी राहिली. मग तिने स्कूटरची किल्ली उचलली.

"मी त्यांना बसस्टँडवर सोडून येते, आई."

तो नाही म्हणत होता. तिने ऐकलं नाही. पुढे पायांशी पेटी, मागे तो, दोघांच्या मध्ये वीतभर अंतर राखून बसलेला. बसस्टँड आला. चारुशीलाने गाडी थांबवली नाही.

"स्टँड मागं राहिला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

गाडी कामठी रोडला लागली. आभाळ सकाळपासूनच भरून आलं होतं. विदर्भात फेब्रुवारीत असा एखादा अवकाळी सडाका येतोच. इंदोऱ्याच्या पुढे टपोरे थेंब सुरू झाले. तिने मेट्रोच्या पुलाखाली, एका जाड खांबाच्या आडोशाला गाडी घेतली. पेटीवर ओढणी टाकली. दोन्ही बाजूंनी पावसाचे पडदे आणि मध्ये कोरडा पट्टा. ओल्या धुळीचा वास दाटून आला होता.

"दार पाहायला तुम्ही याल, असं म्हणाल्या होत्या," तो म्हणाला. रस्त्याकडे बघत.

"हो."

"दीड महिना लागला ते दार बनवायला. आई म्हणे, मांजरीसाठी एवढं? मी म्हटलं, हो." तो थांबला. "मग दुसऱ्याच मॅडम आल्या. तुम्ही आमचं घर पाहिलं होतं. भिंतीवरचे फोटो पाहिले होते. गल्ली पाहिली होती. घर पाहून परत न आलेली माणसं आम्ही आधीही पाहिली आहेत. म्हणून मी काही विचारलं नाही. वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं."

असं त्याला वाटू शकेल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. आणि शिवलं नव्हतं याचीच तिला लाज वाटली.

"चूक झाली माझी," ती म्हणाली. "सांगायला पाहिजे होतं. पण तुम्ही म्हणता ते कारण नाही. मी आले नाही, कारण… मला नाही म्हणता आलं नसतं."

"कशाले?"

"तुमच्या घराला. दार कसंही असतं तरी. नसतं तरी. पहिल्या दिवशीच मी कागदावर हो लिहून बसले होते. मधे नुसता पडदा, शेडमध्ये माग चालू, आणि मी हो लिहिलं. रेवडीचा जीव जाऊ शकला असता." तिने ओल्या हातांनी गाडीचं हँडल धरून ठेवलं होतं. "म्हणून प्रीतीताईंना पाठवलं. त्या घराबद्दल नीट विचार करू शकेल असं कोणीतरी जायला पाहिजे होतं. मी करू शकत नव्हते."

तो वळला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे ते हो… रेवडीसाठी नव्हतं?"

"थोडं रेवडीसाठी."

"आणि बाकीचं?"

ती पेटीवरची ओढणी सारखी करू लागली. ओल्या वाऱ्याची एक झुळूक आत आली. तो खांबाच्या त्या बाजूने तिच्या समोर येऊन उभा राहिला, वारा अडेल असा.

"मले ऐकू येते," तो हळूच म्हणाला. "तरी एकदा सांगा."

"बाकीचं माझ्यासाठी," ती म्हणाली. "मला त्या घरात परत यायचं होतं. तुम्ही असाल तिथे."

त्याने हँडलवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला. त्याचा तळवा सूत हाताळून खरखरीत झाला होता, आणि गरम होता.

"तुमच्या आईनं आडनाव विचारलं," मग तो म्हणाला.

"पाहिलं मी. कपही थांबलेला पाहिला."

"मग?"

"सोपं नसेल. आई वाईट नाही, पण… सोपं नसेल. मी तिला सांगणार आहे. विचारणार नाही, सांगणार. आणि ती रागावली तर तिथेच बसणार. सात गावं सोडली मी, एकाही गावासाठी कधी भांडले नाही. या वेळी भांडीन."

"आमच्या आईलेही समजवावं लागेल," तो म्हणाला. "ती म्हणन, तिकडं आपल्याले कोण विचारन? पोरीची फरफट होईन. तिलाही भीती आहेच."

"मग तू तिला सांग. मी माझ्या आईला सांगते."

"तू?" तो म्हणाला.

आपण काय बोललो ते तिला कळलं. कानापर्यंत ऊन ऊन झालं.

"परत म्हण," प्रशिक म्हणाला. "मग निघू."

*

रेवडी पेटीतून निघाली ती सरळ पलंगाखाली गेली. प्रशिक वाकला, इंदूबाईंनी माशाचा तुकडा दाखवला. ती हलली नाही. मग बाबा आले. गुडघे धरत खाली बसले, फरशीवर आडवे झाले, आणि पलंगाखाली तोंड करून तळहात जमिनीवर ठेवला. एका बोटाने ठोका देत राहिले, मागाच्या लयीत, पण अगदी हळू. दहा मिनिटं गेली. मग एक पांढरा पंजा बाहेर आला, आणि त्या हातावर टेकला.

"आली," बाबा गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

चारुशीलाचे डोळे भरून आले. पेटी उचलून नळाशी न्यायची तिची नेहमीची वेळ होती ही. ती तशीच उंबऱ्यात बसून राहिली, आणि डोळे पुसायचंही तिने मनावर घेतलं नाही.

फोन वाजला तेव्हा ती अंगणात आली. पाऊस थांबला होता.

"कुठे आहेस?" आईने विचारलं. "स्टँडवर सोडायला तीन तास लागतात का?"

"कामठीला आहे. त्यांच्या घरी."

"मांजर पोचली ना?"

"मांजर केव्हाच पोचली, आई. मीच अजून निघाले नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि विरली.

"आई, ऐकते आहेस ना?"

"ऐकून राहिले. मला दुपारीच कळलं. मांजर जाताना तू तिच्याकडे पाहत नव्हतीस." एक लांब श्वास. "चारू, मी आज हो म्हणेन असं समजू नकोस. लोक काय म्हणतील हे मी मनात आणणार नाही, असंही नाही. तुझे बाबा असते तर काय म्हणाले असते, दुपारपासून तोच विचार करते आहे. काही कळत नाही मला."

"मग कळेपर्यंत मी थांबते. पण माझं ठरलं आहे, आई."

"ते कळलं मला." घराच्या आत इंदूबाईंनी टाच ठोकली, ताटं मांडल्याचा आवाज आला. "अंधार पडायच्या आत निघ. गाडी सावकाश चालव. आणि… त्याला तिखट चालतं का, विचारून ठेव."

"काहून?"

"काहून म्हणजे? पुन्हा आला घरी, तर नुसत्या चहावर पाठवू का त्याला?"

फोन बंद झाला. चारुशीला ओल्या अंगणात जरा वेळ उभी राहिली. मग चपला काढून आत गेली, प्रशिकच्या शेजारच्या ताटावर बसली, आणि आईने विचारायला सांगितलेलं तिने त्याला विचारलं.